दोन तोंडं, एकच रिपोर्ट

१२ मार्च

नाही गं, दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान कण्हायला कारण मिळालं असतं. नुसतं रक्त येतं. सकाळी ब्रश केला की बेसिन असं दिसतं, जणू मी कुणाचा तरी खून करून तोंड धुतलंय. आणि खालचे पुढचे चार दात हलतात. जिभेनं ढकलले की पुढे जातात, सोडले की मागे येतात. काल दुपारभर तोच खेळ खेळत बसले होते. शिवायला आलेली पँट तशीच मांडीवर.

फोनवर तू "दुखतंय का" एवढं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत "काकू, क्लास आहे, ठेवते" म्हणालीस. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच "ठेवते" म्हणता येत नाही. पुतणी हिरड्यांची डॉक्टरीण, पोरांना कॉलेजात हिरड्या शिकवते, आणि काकूच्या हिरड्या बेवारशी. लोकांनी ऐकलं तर तुझी फी अर्धी होईल.

तर झालं असं. आमच्या गल्लीच्या टोकाला नवीन दातांचे डॉक्टर आलेत. तरुण आहेत, स्वच्छ आहेत, इतके स्वच्छ की त्यांच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटते. त्यांनी माझ्या हिरडीत कागदाच्या बारीक काड्या घातल्या, थोडा वेळ ठेवल्या, काढल्या आणि नळीत घालून लॅबला पाठवल्या. म्हणाले, "आजी, कोणते जंतू आहेत ते कळल्याशिवाय मी काही करणार नाही." मी म्हटलं, "आणि कळल्यावर?" तर म्हणाले, वाईट जातीचे निघाले तर जोरदार औषधं, आणि ते चार दात काढून टाकू, म्हणजे बाकीच्यांना लागण नको.

चार दात. पुढचे. जसे काही चार बटणं आहेत, कापली आणि नवी लावली.

माझं काम तुला माहीत आहे. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, काज करायचे. दोरा मी दातानं तोडते. गावच्या शाळेतून आलं की आई शिवायला बसवायची, तेव्हापासूनची सवय. खालच्या दातांना दोऱ्याची खाचसुद्धा पडलीय. या वयात माझ्या दातांकडे बघणारं कोण आहे म्हणा, पण दोऱ्यासाठी तरी हवेत की नाही? शिवाय तुझ्या काकांची कवळी मी विसरलेले नाही. बोलताना अशी खटखट वाजायची की घरात कुणीतरी टायपिंग करतंय असं वाटायचं. रागावले की काढून ठेवायचे, म्हणजे भांडण त्यांच्या बाजूनं संपलं. ती कवळी अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे. टाकवत नाही. पण तिच्या शेजारी माझी ठेवायची नाही मला.

खालच्या मजल्यावर किल्ल्या करून देणारे राहतात ना, मागच्या वेळी तुझ्या बॅगेचं कुलूप ज्यांनी उघडून दिलं होतं ते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "लॅबवर विश्वास ठेवा, मशीन खोटं बोलत नाही." ते स्वतः किल्ली घासताना दुसरी किल्ली दातात धरतात. असल्या माणसाचं काय ऐकायचं.

तूच सांग. लॅबचं खरं मानायचं का?

तुझी काकू


२० मार्च

ती. काकू,

आधी महत्त्वाचं. मी येईपर्यंत किंवा नीट सांगेपर्यंत त्या चार दातांना कुणाला हात लावू देऊ नकोस.

आता लॅबचं. कागदाची काडी ज्या फटीत घातली, त्या फटीत त्या दिवशी कोण बसलं होतं, एवढंच ती सांगते. शेजारच्या दाताजवळ वेगळंच निघू शकतं. एकाच तोंडातला नमुना दोन लॅबना पाठवला आणि दोन वेगळी उत्तरं आली, हे मी स्वतः पाहिलंय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, ज्यांना 'वाईट जातीचे' म्हणतात ते जंतू चांगल्या हिरड्यांच्या माणसांतही सापडतात. काही करत नाहीत, नुसते राहतात. त्यामुळे जंतूंच्या यादीवरून दात काढायचा की ठेवायचा हे ठरत नाही.

ठरतं ते मोजून. रेघा असलेली एक बारीक सळई असते, ती दात आणि हिरडीच्या मध्ये घालून फट किती खोल गेलीय ते बघतात. एक्स-रेमध्ये हाड किती उरलंय ते बघतात. तुझ्या डॉक्टरांनी मोजलं का? विचार. आणि उपाय जुनाच आहे: हिरडीखालचा कडक थर खरवडून काढायचा आणि मग घरी रोज दोन दातांच्या मधली जागा साफ करायची. कधी कधी औषधांचाही उपयोग होतो, नाही असं नाही, पण खरवडण्याला सुट्टी नसते. जंतूचं नाव काहीही असो, खरवडायचं तेच.

हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचे झोपतात. पुढच्या बाकावरचेही झोपतात, पण डोळे उघडे ठेवून. तू झोपू नकोस.

आणि खरं सांग, ब्रश कसा करतेस? लहानपणी मला न्हाऊ घालताना जशी घासायचीस तसा करत असशील तर हिरड्यांतून रक्त येतंय ते बरोबरच आहे.

किल्लीवाल्या काकांना सांग, मशीन खोटं बोलत नाही, पण मशीनला काय विचारलं ते माणूसच ठरवतो.

तुझी पुतणी


९ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

ब्रश मी तसाच करते. तू गोरी झालीस की नाही?

रिपोर्ट आला. तीन जंतू सापडले आणि तिघांची नावं इतकी लांब की वाचेपर्यंत ते आणखी वाढले असतील. मी त्यांना थोरले, मधले आणि धाकटे म्हणते. तुझ्या काकांच्या घरी लग्न होऊन आले तेव्हा असेच तीन दीर होते. थोरले गप्प बसून पोखरायचे, मधले आवाज करायचे, धाकट्यांना कुणी विचारायचं नाही. त्या घरात मी टिकले, तर या तिघांचं काय.

मोजलं का विचारलं. मोजलं. पुढच्या चारांपाशी फट खोल आहे, बाकी ठीक आहे म्हणाले. मी म्हटलं, "मग खरवडा की. माझी पुतणी सांगते, आधी खरवडायचं." त्यांनी चष्मा सारखा केला. "आजी, मॅडमचा अनुभव मोठा आहे, पण ही तपासणी नवीन आहे. रिपोर्ट एवढा स्पष्ट असताना दात ठेवले आणि उद्या काही झालं तर मला झोप लागणार नाही." मला त्यांची दयाच आली. माझ्या दातांमुळे दुसऱ्याची झोप उडावी असं या वयात व्हायला नको होतं.

तर ऐक, मी काय केलं. नवीन दोऱ्याची रीळ आणली की मी आधी चांगला ओढून बघते. तुटला तर दुकानदाराच्या तोंडावर. म्हटलं, लॅबलाही ओढून बघू. पण ओढायला दुसरं तोंड हवं, आणि तेही ठणठणीत. किल्लीवाले आठवले. त्यांचे दात म्हणजे दगड. बदामाचं कवच दातानं फोडतात आणि मग मला दाखवतात, शाळेतल्या पोरासारखे.

जिन्यात गाठलं. म्हटलं, "अहो, चला दात दाखवायला."

"मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच चला."

"लोक दुखल्यावर जातात."

"तुम्ही कधी लोकांसारखं वागलात?"

गेले. मी सोबत गेले, कारण हा माणूस डॉक्टरच्या दारातलं कुलूप कुठल्या जातीचं आहे ते बघत बसला असता आणि नंबर गेला असता. तरी बघितलंच. डॉक्टरांना म्हणाले, "हे मी हेअरपिनेनं उघडेन." डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं ते मला वाटतं गप्प बसवायलाच.

मोजलं. कुठेच खोल नाही, रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, "या वयात असे दात मी पाहिले नाहीत." किल्लीवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू पदक मिळालंय. काड्या घातल्या, नळीत टाकल्या, गेल्या त्याच लॅबला.

काल रिपोर्ट आला. आता बसून वाच. थोरले, मधले, धाकटे. तेच तिघं. आकडेसुद्धा जवळजवळ तेच. माझं पान आणि त्यांचं पान टेबलावर शेजारी ठेवलं तर जुळी भावंडं.

डॉक्टरांनी दोन्ही पानं उलटून बघितली, मागे काही लिहिलंय का म्हणून. मी विचारलं, "मग यांचेही चार काढायचे का?" किल्लीवाले म्हणाले, "माझ्या दातांना पाना लागेल." डॉक्टर हसले नाहीत. बिचारे.

लॅबचा दोरा तुटला की नाही? मी तर घरी येऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली, हात पुरला तेवढी. गावच्या शाळेत शिकलेली बाई, बघ कशी मशीनला पकडते.

तुझी हुशार काकू


१८ एप्रिल

ती. काकू,

तू हुशार नाहीस, तू डांबरट आहेस. पण काम एक नंबर केलंस. तुझं पत्र मी आमच्या विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. (दिरांचा भाग गाळून. माझे बाबा त्यातले मधले, हे मला कळतं.)

बघ, तुम्ही दोन वेगळी माणसं. घरं वेगळी. एकाच्या हिरड्या आजारी, दुसऱ्याच्या उत्तम. आणि तिन्ही जंतू, प्रमाणासकट, सारखे. असं सहसा होत नाही. हे जंतू लाळेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे वर्षानुवर्षं एकत्र राहणारे नवरा-बायको, आई आणि मूल, यांच्यात असं जुळलेलं दिसतं. पण तुम्ही जिन्यात भेटलात तर 'काय म्हणता' आणि 'काही नाही'. म्हणजे एकतर नळ्यांची अदलाबदल झाली, नाहीतर एकाच तोंडाचं पान नाव बदलून दोनदा छापलं. दोन्हीत लॅबची चूक.

तुझ्या डॉक्टरांशी बोलले. माणूस सरळ आहे, नुसता घाबरट आहे. म्हणाले, ही लॅब भरवशाची नाही असं तुमच्या कॉलेजनं लेखी दिलं तर मी दात ठेवतो, खरवडतो आणि वाट बघतो. नाही दिलं तर ते काढणार. तारीखसुद्धा धरून ठेवलीय त्यांनी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारची.

म्हणजे आता तुझे चार दात माझ्या एका पत्रावर आहेत, आणि माझं पत्र तुझ्या एका सहीवर. आमचे मुख्य डॉक्टर विचारणारच की ही दोन माणसं खरंच वेगळी का. म्हणून कागदावर एवढं लिही: 'आम्ही दोघं शेजारी आहोत. वेगळ्या घरांत राहतो. आमचं ताट, भांडं, ब्रश, उष्टं, काहीही एक नाही आणि कधी नव्हतं.' खाली तुझी सही आणि किल्लीवाल्या काकांची. बस्स.

त्या लॅबला आमच्या कॉलेजातूनही नमुने जातात. चालवणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी. पुढच्या बाकावरची होती, खरंच जागी असायची. वाईट वाटतंय, पण पुरावा तो पुरावा.

लवकर पाठव.

तुझी पुतणी


२५ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

पत्र मिळालं. सही लगेच पाठवणार होते, पण पेनातली शाई संपली. (हे पेन्सिलीनं लिहितेय, दिसतच असेल.) मग चष्मा सापडेना. मग एका बाईंचा कोट आला, त्याचं अस्तर असं निघालं होतं की आधी तेच शिवावं लागलं. असं सगळं एकदमच होतं बघ.

एक विचारायचं होतं. आपलं सहज. हे उष्टं म्हणजे नेमकं काय धरायचं? समजा, एखाद्यानं कपातला चहा अर्धा प्यायला आणि उरलेला दुसऱ्यानं घेतला, तर जंतू जातात का? आमच्या शेजारच्या एका बाई विचारत होत्या. त्यांना फार काळजी वाटते.

आणि दुसरं. समजा लाळेतून जंतू गेलेच, तर ज्याच्याकडून आले त्याला काहीच होत नाही आणि ज्याच्याकडे गेले त्याचे दात हलतात, हा कुठला न्याय? बाई विचारत होत्या.

तुझ्या त्या विद्यार्थिनीचं ऐकून मला बरं वाटलं नाही. पुढच्या बाकावर बसणाऱ्यांचंच नेहमी असं होतं. मी मागच्या बाकावर बसायचे, बघ किती सुखात आहे.

दात तसेच आहेत. काल सफरचंदाची फोड चावताना जरा हलले. हे म्हणाले, बारीक चिरून खा. मी म्हटलं, बारीक चिरून खायला मी काय चिमणी आहे?

सही पाठवते. घाई करू नकोस.

काकू


३० एप्रिल

ती. काकू,

घाई मी नाही करत, तारीख करतेय. सोमवार जवळ आलाय. त्या दिवशी तू त्या खुर्चीत बसलीस आणि माझं पत्र पोचलेलं नसलं, तर त्यांच्या हातात चिमटा असेल.

तुझ्या शेजारच्या बाईंना सांग, एका कपानं काही होत नाही. दोन माणसांचं एवढं जुळायला रोजचं, बऱ्याच दिवसांचं, तोंडाला तोंड लागणं लागतं. चहाचा कप त्यात येत नाही. आणि न्यायाचं म्हणशील तर प्रत्येकाचं शरीर त्याच जंतूंशी वेगळं वागतं. एकाचं शरीर त्यांना नुसतं राहू देतं, दुसऱ्याचं त्यांच्याशी भांडत बसतं आणि त्या भांडणात हिरडीचं नुकसान होतं. म्हणून तर जंतू कोणते यापेक्षा हिरडी कशी आहे ते बघायचं.

लॅबवाल्या मुलीशी फोनवर बोलले. म्हणाली, "मॅडम, नळ्या मी स्वतः लावते. दोन्ही नमुने परत तपासले, तेच येतंय." मी म्हटलं, "माझ्याकडे लेखी पुरावा येतोय." कॉलेजचं काम थांबवायचं पत्र तयार आहे. तिच्याकडचं निम्मं काम आमचंच आहे, आता काय ते तिचं ती बघेल. मला शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं की विद्यार्थ्याची चूक धरताना घसा असा कोरडा पडतो.

फक्त तुझी सही. दोन ओळी. पेन्सिलीनं चालेल.

तुझी पुतणी


३ मे

पोरी,

सोमवारची तारीख मी पुढे ढकलायला लावली. डॉक्टरांच्या काउंटरवर जाऊन सांगितलं, घसा खवखवतोय. घसा ठीक आहे. म्हणजे सुरुवातच खोट्यानं झाली, पण माझा सराव बघता हे अगदी छोटं खोटं आहे.

तू लिहिलेल्या दोन ओळी मी कागदावर उतरवून घेतल्या. अक्षर चांगलं आलं. गावच्या शाळेत मारूनमुटकून अक्षर चांगलं करून घ्यायचे. खाली सही करायला हात गेला आणि तिथेच थांबला. किल्लीवाल्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं, दातातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "'कधी नव्हतं' हे जरा जास्तच झालं." मी म्हटलं, "मग काय लिहू?" म्हणाले, "मला विचारू नका, मी कुलपं उघडतो, बाकी काही येत नाही." आणि खाली निघून गेले. पुरुषांचं असंच. उघडायला पुढे, बंद करायला आपण.

ती सही केली असती तर माझे चार दात वाचले असते. हे मला कळतं. चार दात माझे, आणि त्या बदल्यात त्या पुढच्या बाकावरच्या पोरीचं निम्मं काम. मी हिशोबात कच्ची आहे, पण एवढं येतं. तिनं नमुना दोनदा तपासला आणि खरं बोलली. मी तिच्यापेक्षा वयानं किती मोठी, आणि मी चहाच्या कपाआड लपून 'शेजारच्या बाई विचारत होत्या' करत बसले. शेजारी कुणी बाई राहत नाही गं. बाजूची खोली रिकामी आहे. तिथे फक्त माझी जुनी मशीन ठेवलीय.

माझी हुशारी बघ. मोठ्या तोऱ्यात लॅबची परीक्षा घ्यायला गेले. सगळ्या गल्लीत मला ओढायला एकच तोंड सापडलं, आणि तेच नेमकं घ्यायला नको होतं. भाजीवाल्याला नेलं असतं, पोस्टमनला नेलं असतं. पण डोक्यात पहिलं नाव तेच आलं, आणि का आलं ते माझ्या डोक्याला सुचलं नाही. जंतू असे जातात हे मला काय माहीत. मला वाटलं, जंतू म्हणजे धुळीसारखे, आपले खिडकीतून येतात.

आता तू त्या घाबरट डॉक्टरांना असं लिही. लॅब चुकलेली नाही. पण त्याच लॅबनं तेच तीन जंतू किल्लीवाल्यांच्या तोंडातही दाखवलेत, आणि त्यांचे दात दगड आहेत हे डॉक्टरांनी स्वतःच्या सळईनं मोजलंय. मग माझे चार दात जंतूंच्या नावावरून कसे काढता? हिरडी बघा, खरवडा, काही महिन्यांनी परत मोजा. हे सगळं तुझ्याच पहिल्या पत्रातलं आहे, मी नुसतं उचललं. मीही बघ, मागच्या बाकावर असून जागी होते. डॉक्टरांनी ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं तर बटणांच्या डब्यात जागा करीन, दुसरं काय. पण त्या पोरीचं काम थांबवू नकोस. ते पत्र फाड. आणि तिला फोन करताना घसा कोरडा पडला तर पाणी पिऊन घे आणि कर.

मागच्या पत्रात मी एके ठिकाणी 'हे म्हणाले' असं लिहून गेले होते. पोस्टात टाकल्यावर लक्षात आलं. आठवडाभर धास्तीत होते की तू पकडशील. पण तू हिरड्यांची डॉक्टर, तुला हिरड्याच दिसतात.

तुझ्या आईला मीच सांगेन. जावा-जावांमध्ये आधीच काय कमी आहे. तू मध्ये पडू नकोस, नुसती मी सांगेन त्या दिवशी तिच्या जवळ बस. तुझ्या काकांचं म्हणशील, तर बटणांचा डबा उघडून कवळी बघितली. हसतेय. पण कवळीला दुसरं येतं काय.

आणि दोरा. दोऱ्याचं मी पहिल्या पत्रात एवढं रडगाणं गायलं. माझ्याकडे चांगल्या तीन कात्र्या आहेत, त्यातली एक या क्षणी समोर पडलीय. दात मला दोऱ्यासाठी हवे नव्हते.

तो कागद सही न करताच परत पाठवतेय, कारण त्यातली शेवटची ओळ खोटी आहे. तुझी लॅबवाली खरी. गेल्या वर्षीपासून मी किल्लीवाल्यांचा मुका घेते, रोज, आणि हिरड्या खरवडून झाल्यावरही घेणार आहे.

काकू